लोहार व्हायच्या आधी

गंगापूर रोड, नाशिक

चि. भाच्या,
अनेक आशीर्वाद.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये, म्हणजे त्या ऑनलाइन खेळाच्या जुन्या आवृत्तीत, तुझा वॉरियर नवव्या लेव्हलला पोचला हे वाचून बरं वाटलं. प्रोफेशन म्हणून ब्लॅकस्मिथिंग (लोहारकाम) घेऊ, एंजिनिअरिंग घेऊ की दोन्ही घेऊ, असं विचारलंयस. वॉरियर चिलखत घालतो, तेव्हा त्याने चिलखत घडवायला शिकावं, असा हिशेब या खेळात नवा आलेला जवळजवळ प्रत्येक जण मांडतो. माझं ऐकशील तर आत्ता दोन्ही नको. मायनिंग (खाणकाम) आणि स्किनिंग (कातडी सोलणं) घे.

मुख्य प्रोफेशन्स दोनच घेता येतात आणि एखादं सोडलं की त्यातले मिळवलेले सगळे पॉइंट जातात. म्हणून लोक पहिल्याच दिवशी कायमचं काय ते ठरवायला बसतात. तू बसू नकोस. लेव्हल वाढवताना लोहाराची परवडच होते. तासभर राबून तांब्याचं काहीतरी बनवावं आणि पुढच्याच क्वेस्टमध्ये (सोपवलेल्या कामात) किंवा डेडमाइन्सच्या तळघरात त्याहून चांगलं फुकट मिळावं, हे सारखं होत राहतं. शिवाय रेसिपी नारिंगी असते तोवर हमखास पॉइंट मिळतो, पिवळी झाली की बहुतेकदा, हिरवी झाली की क्वचित, करडी झाली की कधीच नाही. म्हणजे पॉइंटसाठी कुणालाही नको असलेल्या वस्तू घडवत बसायचं. त्या ऑक्शन हाऊसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या लिलावघरात, टाकल्यास तर डिपॉझिट बसतं. दुकानदार वस्तूला जो भाव देतो त्यावर ते ठरतं, आणि माल खपला नाही तर बुडतं. कच्च्या ओरला, म्हणजे खनिजाला, हे डिपॉझिट किरकोळ असतं, चिलखताला टोचतं. खपलं तरी 5 टक्के कापले जातात. बूटी बे किंवा गॅजेटझानच्या तटस्थ ऑक्शन हाऊसमध्ये तर 15 टक्के, तिकडे फिरकू नकोस.

आता हाच व्यवहार दुसऱ्या बाजूने बघ. चाळिसाव्या, पन्नासाव्या लेव्हलचा कुणी हौशी उठतो आणि ठरवतो, आपण एंजिनिअर व्हायचं. त्याला सुरुवातीला ढीगभर तांबं आणि कथील लागतं. एल्विन फॉरेस्टसारख्या नवख्यांच्या भागात परत येऊन खडक फोडायचा त्याला कंटाळा येतो, पण पैसे असतात. फार्गोडीप आणि जॅस्परलोडच्या खाणी तुझ्या क्वेस्टच्या वाटेवरच आहेत. जाता-येता पिकॅक्स चालव, ओर वितळव. सुरुवातीला वितळवण्याचेही पॉइंट मिळतात. एक बार तांबं आणि एक बार कथील मिळून ब्राँझचे दोन बार होतात. ओर विकायचं, वेगवेगळे बार विकायचे की ब्राँझ, ते त्या दिवशीचे भाव बघून ठरव. खडकातून निघणारे दगडही फेकू नकोस. लोहाराला त्यांची धार लावायची शिळा लागते आणि एंजिनिअरला दारू, म्हणजे ब्लास्टिंग पावडर.

स्किनिंग कशासाठी, तर ते आडवं येत नाही. मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) एका वेळी एकच शोध चालू ठेवता येतो, खनिजं तरी दिसतील नाहीतर वनस्पती. म्हणून मायनिंगबरोबर हर्बलिझम (वनस्पती गोळा करणं) घेतलं की सारखी अदलाबदल करत बसावं लागतं. कातडीला शोध लागत नाही, लांडगा मारला की सोलायचा. दुसऱ्याने मारून, लुटून टाकलेला प्राणीही सोलता येतो. (काहींना ते भिकारडं वाटतं. वाटू दे.) एवढं लक्षात ठेव, विशीच्या पुढच्या जनावराला त्याच्या लेव्हलच्या पाचपट स्किल लागतं. तिसाव्या लेव्हलच्या अस्वलासाठी 150. मध्ये खंड पडला की मागे जाऊन लांडगे-डुकरं सोलत बसावं लागतं.

आपण युरोपच्या सर्व्हरवर खेळतो, त्याचाही फायदा घे. त्यांची रात्रीची रेड (मोठ्या गटाने केलेली चढाई) म्हणजे आपली मध्यरात्र, आणि कॉलेज असताना ते जागरण तुला झेपणार नाही. पण सकाळी सातला तू लॉगिन केलंस तर उन्हाळ्यात तिकडे पहाटेचे साडेतीन असतात. खाणी मोकळ्या, स्पर्धा नाही. तासभर गोळा कर, माल लगेच विकायला न टाकता बँकेत ठेव आणि संध्याकाळी, तिकडचे लोक कामावरून घरी यायच्या सुमारास, विकायला काढ. रविवारी रात्री मात्र थांब. लासलगावला आवक वाढली की कांद्याचं जे होतं तेच तेव्हा ओरचं होतं, कारण आठवडाभराचा माल सगळे एकदम ओततात.

चाळिसाव्या लेव्हलला घोडा आणि रायडिंग मिळून 100 गोल्डच्या घरात खर्च येतो. तोवर ओर आणि कातडं विकत राहिलास तर कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. घोडा घेतलास की स्किनिंग सोड. पॉइंट गेले म्हणून हळहळू नकोस, त्यांचं काम झालेलं असेल. मायनिंग ठेव आणि त्याला जोड म्हणून एंजिनिअरिंग घे, ब्लॅकस्मिथिंग नव्हे.

इथे तू भांडशील, मला माहीत आहे. लायनहार्ट हेल्मचं काय? ते शिरस्त्राण घालेपर्यंत कुणाशी बांधलं जात नाही. म्हणजे साहित्य तू आण आणि गिल्डमधल्या (आपल्या खेळाडूंच्या संघातल्या) लोहाराकडून घडवून घे, वर चार पैसे बक्षीस दे. तयार विकतही मिळतं. पण आयर्न ग्रेनेड फेकायला स्वतः एंजिनिअरच असावं लागतं, ते काम उसनं घेता येत नाही. तीन शत्रू अंगावर आले की वॉरियरकडे ना जादू, ना उपचार. तेव्हा सगळ्यांना क्षणभर जागीच खिळवणारा तो बॉम्ब कामाला येतो. गिल्डमध्ये एकही लोहार नसेल तर गोष्ट वेगळी, मग बोलू.

बाकीची प्रोफेशन्स दुसऱ्या कॅरेक्टरसाठी ठेव. एन्चांटिंग (वस्तूंवर मंत्र घालणं) तर मुळीच नको. क्लासिकमध्ये एन्चांट कागदावर लिहून विकता येत नाही, गिऱ्हाईक समोर उभं लागतं. आयर्नफोर्ज शहरात तासन्‌तास ओरडत उभं राहायचा तुझा स्वभाव नाही. टेलरिंगला गोळा करणारं जोडप्रोफेशन लागत नाही, कापड माणसासारख्या शत्रूंकडून मिळतं, म्हणून ते माझ्या मेजला, म्हणजे जादूगार कॅरेक्टरला, शोभतं.

फर्स्ट एड मात्र आजच शीक. ते दुय्यम आहे, दोनात मोजलं जात नाही. म्हणून मिळालेलं लिननचं कापड विकू नकोस, बँडेज कर. एक बांधलं की मिनिटभर दुसरं बांधता येत नाही, आणि बांधताना मार बसला की ते तुटतं, एवढं सांभाळ. फिशिंग आवडलं तर कर, नाहीतर राहू दे.

ओर आणि कातडं एकदम गोळा करायला लागलास की जागा पुरणार नाही. म्हणून लोकरीच्या चार बॅगा, आठ-आठ खणांच्या, तुझ्या कॅरेक्टरच्या नावाने मेल केल्यात, गोल्डशायर गावच्या टपालपेटीत बघ. पोचायला तासभर लागतो. पैसे नकोत, पुढे सिल्क मिळालं की ते मला पाठव.

तुझी मावशी