वडिलांना खुर्चीतून उठवा, पण मोजून

तुमचा प्रश्न असा आहे: वडील ६१ वर्षांचे, राहायला निपाणीत, अटॅकनंतर स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) घालून ३ आठवडे झाले. डॉक्टरांनी कार्डियाक रिहॅब, म्हणजे हार्टच्या पेशंटला देखरेखीखाली व्यायाम करून घ्यायचा कोर्स, लिहून दिलाय, पण घरचे म्हणतात विश्रांती घेऊ दे, आणि बेळगावला सारखं नेणं जमणार नाही. मग न्यावं का?

न्या. मी डॉक्टर नाही. बेळगावच्या वडगावात आमचे पॉवरलूम आहेत, साड्या काढतो. ४ वर्षांपूर्वी मलाही अटॅक आला, एक स्टेंट आहे. त्यामुळे हे सगळं पेशंटच्या बाजूनं सांगतोय.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा माझी बडदास्त बघण्यासारखी होती. पाण्याचा तांब्या उचलायला गेलो तरी बायको म्हणायची, "कशाला ओ, मी देते की." मागांच्या खडखडाटानं धडधड वाढेल म्हणून भावानं कारखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. दीड महिन्यात मांड्या काडीसारख्या झाल्या. एक दिवस माडीवर जाताना चौथ्या पायरीवर धाप लागली आणि वाटलं, संपलं, हार्ट गेलं. हार्टला काही झालं नव्हतं, पायातली ताकद गेली होती. रात्री उशीवर कान ठेवला की ठोके ऐकू यायचे, ते मोजत पडायचो. कुणाला बोललो नाही. आधीच्या दवाखान्यानं डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांची भली मोठी यादी दिली, पण रिहॅबचं नाव कुणी काढलं नव्हतं. ते दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलं.

मला वाटलं जिमसारखं काही असेल. पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी पॅसेजमध्ये ३० मीटरवर दोन प्लॅस्टिकचे कोन ठेवले आणि म्हणाल्या, ६ मिनिटं चाला, दम लागला तर थांबा. बस. मी ३१० मीटर चाललो. मग छातीला वायरी चिकटवून ट्रेडमिल. समोर भिंतीवर एक तक्ता, ६ ते २० आकडे. ६ म्हणजे निवांत बसलोय, २० म्हणजे आता जीव जातोय. मध्ये मध्ये त्या विचारणार, "काका, किती नंबर?" त्यांना ११ ते १३ हवे होते. मी पुरुषासारखा पुरुष, म्हटलं "नऊ." त्या म्हणाल्या, "बरं, तुमच्या कारखान्यात माग किती आणि कामाला कोण कोण आहे ते सांगा." मी सुरू केलं, "आठ... माग... त्यातले दोन..." आणि पुढं शब्दच फुटेना. "काका, हे नऊ नव्हे, पंधरा," म्हणत त्यांनी स्पीड कमी केला. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत नसलं तरी चालेल. माप एवढंच, आणि ते मी आजही वापरतो.

नाडी मोजून का नाही, असं तुम्ही विचाराल. वडिलांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असणार. ती ठोके फारसे वाढू देत नाही, त्यामुळे नाडी ९० वर असली तरी माणूस दमलेला असू शकतो. म्हणून नंबर. आणि व्यायाम संपवताना मागाचं बटण दाबल्यासारखं एकदम थांबायचं नाही. रक्त पायात साठतं आणि चक्कर येते. शेवटची ५-१० मिनिटं हळूहळू चालायचं.

पूर्ण कोर्स साधारण १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तिकडे चौकशी करा. ३६ फेऱ्या जमत नसतील तर पहिले काही आठवडे तरी फिजिओच्या डोळ्यांसमोर व्यायाम करून घ्या, मग घरचा कार्यक्रम लिहून घेऊन फोनवर विचारत राहा. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना असा घरचा कार्यक्रमही केंद्राइतकाच लागू पडतो, असं अभ्यासांत दिसलंय. मात्र इकोमध्ये (हार्टच्या सोनोग्राफीत) पंपिंग कमी आलं असेल, पायाला सूज असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर घरी प्रयोग नको.

पावसाळ्यात आमच्याकडे रस्त्यावर चालणं अवघड, तेव्हा मी देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारायचो. डिसेंबरात पहाटे ५ ला कानटोपी घालून निघणाऱ्यांच्या नादी वडिलांना लावू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, ऊन पडल्यावर निघालेलं बरं. १२ आठवड्यांनी माझे ६ मिनिटांत ४५५ मीटर झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उशीतले ठोके ऐकू येईनासे झाले. म्हणजे येत असतील, मी ऐकायचं सोडलं.

आता तंबाखू. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात हे बोलणं म्हणजे समुद्रकाठी मिठाला नावं ठेवण्यासारखं, पण बोलतो. बिडी सोडली आणि मिश्री ठेवली, तर सोडली असं होत नाही. घरात आजी मिश्री लावत असेल तर डबी वडिलांच्या नजरेआड ठेवा. खाण्यात आमच्याकडे तेलापेक्षा मीठ जास्त गोत्यात आणतं: पापड, लोणचं, फरसाण. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. आणि भेटायला येणारे हार्ट पेशंटसाठी कुंदाच (आमच्या बेळगावची खव्याची मिठाई) आणतात, त्याला इलाज नाही. पाहुण्यांना वाटून टाका.

माझी एक चूक सांगतो. वर्षभरानं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५८ आलं. औषधाच्या दुकानातला म्हणाला, नॉर्मल आहे की, कशाला खाताय गोळी. कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, बंद केली. तीन महिन्यांनी १२१. डॉक्टर एवढंच म्हणाले, "छत्री उघडली म्हणून भिजला नव्हता, पाऊस थांबला नव्हता." रक्त पातळ करण्याच्या दोन गोळ्यांपैकी एकही हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, दाताच्या डॉक्टरनं सांगितलं तरी. स्टेंटमध्ये गाठ होण्याची भीती असते.

छातीत दुखलं तर खाली बसवा आणि लिहून दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली द्या. ५ मिनिटांत उतरलं नाही तर १०८. हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. वडील विचारणार नाहीत, म्हणून आणखी एक: दोन जिने न थांबता, न दुखता चढता आले की नवरा-बायकोच्या संबंधांना सहसा हरकत नसते. फक्त सॉर्बिट्रेट आणि ताकदीच्या (व्हायग्रासारख्या) गोळ्या एकत्र घेणं जिवावर बेतू शकतं. हे मुलानं कसं सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा. मला फिजिओबाईंनीच सांगितलं होतं, मी खाली बघून ऐकलं.

रिहॅबच्या पहिल्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, इकोचा रिपोर्ट, चालू गोळ्या पाकिटासकट, पुढून बटणं असलेला शर्ट आणि बूट न्या. मी चपला घालून गेलो होतो, परत पाठवलं. नाश्ता दीड तास आधी झालेला असू दे. आणि वडिलांनी "नऊ" म्हटलं, तर कामाला कोण कोण आहे ते विचारा.