कर्णबधिरांच्या संस्थेवर नवीन ट्रस्टी झालायस तर आधी एवढं बघ

बोर्डावर कर्णबधिर माणसं किती हैत ते पहिलं बघ, एखादाच फोटोपुरता बसवला असला तर ते बदलायला लाव, निर्णय त्यांच्याच आयुष्याचे हैत की. खुणांच्या भाषेच्या दुभाष्याचा खर्च बजेटमध्ये आधीच धर, लांब मीटिंगला दोघं लागतात, साधारण 20 मिनिटांनी आलटून पालटून, नाहीतर डोकं थकतंय आणि अर्धं सुटतंय. बोलताना मात्र दुभाष्याकडं नाही, त्या माणसाकडं बघ. अजेंडा आधी पाठव, कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडची बरीच पोरं मराठी शाळेतली, सरकारी कागद येतात कन्नडात, म्हणून खुणांच्या भाषेतला व्हिडिओ पण टाक. यूडीआयडीचे, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचे, फॉर्म स्टाफ भरंल, तू हिशोब नि ऑडिटचं विचार, न लाजता विचार.