संत्र्याच्या रसाला सडक्या अंड्यासारखा वास येतोय, गाळला तर जाईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काटोलच्या मामांकडून आंबिया बहाराची तीन क्रेट संत्री आली. १० लीटर रसात दीड किलो साखर, बेकरीचं कोरडं यीस्ट आणि "सुगंधासाठी" मूठभर सालं टाकून तुम्ही कॅन गॅलरीत ठेवला. चौथ्या दिवसापासून सडक्या अंड्यांचा वास सुटला. नवव्या दिवशी फसफस बंद, चव अजून गोड. आता कुकरला नळी लावून गाळायचं मनात आहे. गाळल्यावर वास जाईल का, की सगळं नालीत ओतून द्यायचं?

दोन्ही करू नका.

गाळायचं आधी निकालात काढतो. परवान्याशिवाय दारू गाळणं महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. घरच्यापुरती, हौसेपुरती अशी सूट त्यात नाही. शिवाय पेटत्या शेगडीवर अल्कोहोलची वाफ कोंडायची म्हणजे स्वयंपाकघरच पणाला लावायचं. आणि वासाचं म्हणाल तर गाळल्याने तो जात नाही, गोळा होतो. अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू. नेलपॉलिशसारखा वास येतो तो इथाइल ॲसिटेटचा. हे पदार्थ वाफेत सगळ्यांच्या पुढे धावतात आणि दहा लीटरमधली घाण एका बाटलीत जमा होते. कारखान्यांत तांब्याची भांडी असतात ती बऱ्याच अंशी याचसाठी, तांबं गंधकाला धरून ठेवतं. पण आंबवणच बिघडलेलं असेल तर तांबं तरी किती झाकणार?

"पहिली धार फेकली की विष गेलं" हेही तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो. फळांतल्या पेक्टिनपासून (जॅम घट्ट करतं ते) थोडं मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, बनतंच, आणि संत्र्यात पेक्टिन भरपूर. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, दारूतलं नेहमीचं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल ७८.४ ला, म्हणून माणसाला वाटतं की मिथेनॉल आधी निघून जाईल. पाण्यात मिसळलेलं असताना ते असं रांगेत येत नाही, थोडं थोडं शेवटपर्यंत येत राहतं. नाकाला तर ते इथेनॉलपासून वेगळं कळतही नाही. बाकी सगळ्या बाबतीत मी नाकावर भरवसा ठेवा म्हणणार आहे, फक्त इथे नाही.

आता तुमच्या कॅनकडे येऊ. त्यातून चांगला सिरका निघू शकतो, म्हणजे संत्र्याचं व्हिनेगर. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात सिरका घालतो. पहिल्या वर्षी कॅन बेडरूममध्ये ठेवला होता तर सौ. म्हणाल्या, "अहो, पलंगाखाली काय मेलंय का?" तेव्हापासून या वासाचा आणि माझा चांगला परिचय आहे.

हा वास यीस्ट उपाशी असल्याचा आहे. साखर खाऊन यीस्टचं पोट भरतं, पण अंग वाढायला त्याला नायट्रोजन लागतो. संत्र्याच्या रसात अमिनो आम्लं आहेत, मात्र त्यांतला मोठा वाटा प्रोलिनचा, आणि हवा नसताना यीस्टला प्रोलिन वापरता येत नाही. म्हणजे ताट भरलेलं, पण खाता येईल असं थोडंच. वर तुम्ही दीड किलो साखर ओतली. रसात आधीच दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते. माझ्या हिशेबाने तुमच्या कॅनमध्ये ती २३ टक्क्यांवर गेली. नायट्रोजन तेवढाच आणि काम दुपटीहून जास्त. मग यीस्ट रसातलं सल्फेट घेऊन त्याचं सल्फाइड करतं, ते अमिनो आम्लांत बसवायला नायट्रोजन सापडत नाही, आणि सल्फाइड वायू होऊन बाहेर पडतं. तो तुमच्या गॅलरीत दरवळतो.

सालांनी यात भर घातली. सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन (limonene) असतं, ते यीस्टला मानवत नाही. जुनं झालं की त्याला टर्पेंटाइनसारखा वास येतो तो वेगळाच. बागेत कोळी या किडीसाठी गंधक फवारलं असेल तर तेही सालीवरूनच रसात उतरतं, आणि यीस्टला गंधक मिळालं की सल्फाइड आणखी. मामांना एकदा विचारून घ्या. आपली संत्री हातानं सहज सोलली जातात, मग सालं टाकायचीच कशाला? बियांसकट मिक्सरमधून तर कधीच काढू नका. बिया आणि पांढऱ्या पडद्यातून येणारा कडूपणा लगेच कळत नाही, काही तासांनी चढतो. माझा पहिला सिरका असाच काढ्यासारखा कडू झाला होता. बाप्पा, शेजाऱ्यांनी तोंडावर "छान आहे" म्हणून बाटली नेली आणि पुढच्या दिवाळीला तीच बाटली तशीच भरलेली माझ्या नजरेला पडली.

फसफस थांबली ती साखर आणि थंडी या दोन्हींमुळे. डिसेंबरात नागपूरची रात्र दहा अंशांच्या आसपास येते आणि गॅलरीतला कॅन पहाटे गारठतो. बेकरीचं यीस्ट २५ ते ३० अंशांत खुशीत असतं.

तर आज हे करा. वरचा रस तळाचा गाळ आणि सालं सोडून दुसऱ्या भांड्यात ओता, आणि ओतताना वरून धार धरा, खळखळ होऊ द्या. ताजं सल्फाइड वायूच असल्याने बरंचसं इथेच उडून जातं. खिडक्या उघड्या ठेवा. हे लवकर करायला हवं, कारण हेच सल्फाइड रसात मुरलं की त्याचे मर्केप्टन, म्हणजे गंधकाचेच दुसरे उग्र पदार्थ, होतात, मग वास कांदा, कोबी किंवा जळक्या रबरासारखा येतो आणि तो ढवळून जात नाही. मग तेवढंच, म्हणजे दहा लीटर उकळून गार केलेलं पाणी घाला. साखर १२ टक्क्यांवर येईल. त्यातून साधारण ६ ते ७ टक्के अल्कोहोल बनतं आणि सिरक्याला ते पुरे आहे. पाणी घालायला जीव होत नसेल तर अर्धं पाणी, अर्धा ताजा रस.

यीस्टला खायला काय द्यायचं? दोन चमचे बेकरीचं यीस्ट वाटीभर पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करून घाला. मेलेलं यीस्ट हे जिवंत यीस्टचं उत्तम अन्न आहे. शेतकऱ्याच्या घरातले असाल तर डीएपी खत डोक्यात येईल. वाइनवाले वापरतात ते खाद्य दर्जाचं डायअमोनियम फॉस्फेट वेगळं. कृषी केंद्रातल्या पोत्यातलं टाकू नका, ते पिकासाठी आहे. नंतर एक चमचा ताजं यीस्ट कोमट पाण्यात अर्धा तास फुलवून, त्यात तुमचा रस वाटी वाटी मिसळत सवय लावून मग कॅनमध्ये घाला. कॅन घरात घ्या, जुन्या गोधडीत गुंडाळा. झाकण घट्ट लावू नका, कॅन फुगून फुटतो. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांना या रसाच्या जवळपासही येऊ देऊ नका. कोणी सांगेल की तांब्याची तार बुडवा, वास जातो. वास जातो हे खरं, पण आंबट रसात तांबं विरघळतं आणि ते तुमच्या पोटात जातं.

बाटलीबंद रस वापरला असता तर मी पहिला प्रश्न सोडियम बेंझोएट आणि सल्फाइट या रस टिकवणाऱ्या द्रव्यांचा विचारला असता. पहिलं यीस्टला वाढू देत नाही आणि दुसऱ्यातून पुन्हा गंधकच येतं. तुमचा रस ताजा आहे, तो प्रश्न मिटला.

आठ-दहा दिवसांत चव कोरडी होईल, गोडवा जाईल. तेव्हाच दुसरा टप्पा सुरू करा, आधी नाही. आम्ल लवकर तयार झालं तर यीस्ट अर्ध्यात दम टाकतं. पसरट तोंडाच्या काचेच्या बरणीत रस अर्ध्यापर्यंत भरा, पाचवा हिस्सा न उकळलेला, न गाळलेला जुना सिरका विरजण म्हणून घाला आणि तोंडाला दुहेरी सुती फडकं बांधा. चिलटं येणारच, त्यांना आत जाऊ देऊ नका. इथे काम ॲसिटोबॅक्टर जिवाणूंचं, आणि त्यांना हवा लागते. बरणी हलवायची नाही. नागपुरात जानेवारीत घातलं तर होळीपर्यंत होतं.

या टप्प्यात वरची साय बघून लोक घाबरतात. गुळगुळीत, जेलीसारखी चकती म्हणजे सिरक्याची आई, तिला जपा. पांढरी, पातळ, सुरकुतलेली साय म्हणजे हवेतलं जंगली यीस्ट. ते विषारी नाही पण चव बिघडवतं, चमच्यानं काढून टाका. केसाळ, हिरवी-काळी दिसली तर बुरशी, तिथे काढत बसू नका, बरणीच रिकामी करा.

नेलपॉलिशचा वास आला तर समजा की अल्कोहोल आहे, आम्ल बनतंय, पण हवा कमी पडतेय. एका वर्षी मी मृग बहाराची संत्री घेऊन एप्रिलमध्ये गच्चीवर टिनाच्या शेडखाली बरणी ठेवली होती. दुपारी शेडखाली काय होत असेल ते नागपूरकराला सांगायला नको. यीस्ट शिजलं, आणि उरलेल्या जंतूंनी आठवड्यात पूर्ण ब्युटीपार्लर उभं केलं. मंद वास असेल तर पसरट भांड्यात महिनाभरात कमी होतो. माझा गेला नाही, ओतून दिला. आता उन्हाळ्यात घालायचंच झालं तर बरणी पाण्याच्या टबात, भोवती ओलं बारदान, आणि टब कूलरच्या झोतात. तरी मेमध्ये मी हात लावत नाही.

ओकारीसारखा किंवा कुजट लोण्यासारखा वास आला तर ते ब्युटिरिक आम्ल. आंबटपणा कमी पडला आणि हवा नसली की ते जिवाणू माजतात. संत्र्यात क्वचित होतं, फार पाणी घातलं तर होतं. ते सुधरत नाही, फेका. आणखी एक फसवा दोष आहे. वास काही नाही, पण घोट गिळल्यावर घशाच्या मागे उंदराच्या लेंडीसारखी चव येते. आंबट रसात तो वास दबलेला असतो, तोंडातल्या लाळेनं आंबटपणा उतरला की वर येतो. तळहातावर थेंब चोळून हुंगा, तिथेही कळतो. तोही फेकायचाच.

शेवटी, झालं की नाही हे कसं ओळखायचं? भारतातल्या अन्न मानकांप्रमाणे आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल लागतं. लॅब नसली तरी घरी हळद-चुना आहे. पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी वरची निवळी काढून घ्या. बाजारातलं ४ टक्के लिहिलेलं व्हिनेगर सिरिंजनं १ मिलीलीटर मोजा, थोडं पाणी, चिमटीभर हळद घाला, आणि दुसऱ्या सिरिंजनं निवळी टाकत जा. रंग कुंकवाकडे वळून टिकला की थांबा. साधारण १५ मिलीलीटर लागते. मग तुमच्या सिरक्याला तेच करा. तेवढीच निवळी लागली तर आम्लही जवळपास तेवढंच. संत्र्याचं स्वतःचं सायट्रिक आम्ल या मोजणीत येतं, म्हणून आकडा थोडा फुगतो. मी स्वतः बाजारच्यापेक्षा दोन-तीन मिलीलीटर जास्त निवळी लागेपर्यंत थांबतो. एकदा तिथवर पोचलं की फडक्यातून गाळून, ६५ अंशांपर्यंत गरम करून, बाटल्या गळ्यापर्यंत भरा. हवा राहिली तर अल्कोहोल संपल्यावर तेच जिवाणू आम्लही खाऊन पाणी करून ठेवतात.

तळाचा गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइपमध्ये पुन्हा अंड्याचा वास लागेल. पाण्यात पातळ करून कुंडीत घाला. आणि मामांकडे गेलात तर गंधकाचं विचाराच, तुमच्या सालांमुळे झालं की साखरेमुळे हे मलाही कळून घ्यायचंय.