फाउंडरने शेअर विकले, मग मी पण विकू का?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही वाकडला राहता, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ९ वर्षं आहात, कंपनी १० महिन्यांपूर्वी शेअर बाजारात लिस्ट झाली. ईसॉपचे (कर्मचाऱ्यांना कंपनीकडून ठरलेल्या भावाने मिळणारे) १२,००० शेअर तुमच्या डीमॅटमध्ये आहेत, ३ वर्षांपूर्वी एक्सरसाइज केले, म्हणजे प्रत्यक्ष नावावर घेतले, तेव्हा एका शेअरचं व्हॅल्यूएशन १८० रुपये होतं. गेल्या आठवड्यात फाउंडरने ब्लॉक डीलमध्ये (एकगठ्ठा मोठ्या सौद्यात) कंपनीचे ३ टक्के विकले, त्याचा हिस्सा ३४ वरून ३१ वर आला आणि शेअर दोन दिवसांत ५८५ वरून ५१५ वर. ऑफिसच्या ग्रुपवर अर्धे म्हणतायत "जहाज बुडतंय", अर्धे म्हणतायत "होल्ड करा, अजून दुप्पट होईल", आणि तुमचे मिस्टर म्हणतात सगळं विकून रावेतला दुसरा फ्लॅट बुक करू. ३८ लाखांचं होम लोन आहे, पगार वर्षाला २६ लाख, मुलगी आठवीत.

आधी फाउंडरचं बघू, कारण घाबरायला तिथूनच सुरुवात झालीये. आपल्याकडे सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नियम असा की आयपीओनंतरच्या एकूण भांडवलाच्या किमान २० टक्के हिस्सा प्रमोटरला (इथे तुमचा फाउंडर) साधारण १८ महिने विकता येत नाही आणि त्यावरचा जो काही असेल तो ६ महिने. म्हणजे तुमच्या साहेबांचे २० टक्के अजून कुलूपबंद आहेत, मोकळे झाले १४, त्यातले विकले ३. पळायचंच असतं तर माणूस १४ मधले ३ विकून थांबला नसता असं मला वाटतं. आणि ब्लॉक डील म्हणजे समोर घेणारा पण तेवढाच मोठा असतो, म्युच्युअल फंड, इन्शुरन्स कंपनी वगैरे, त्यांनी काहीतरी बघूनच घेतलं असेल ना. घेणाऱ्यांची नावं बऱ्याचदा एक्स्चेंजच्या साइटवर त्याच दिवशी संध्याकाळी येतात, ती बघा, ग्रुपवरचे फॉरवर्ड नको.

आता इतिहास काय सांगतो? काहीच ठाम सांगत नाही, खरं तर. इन्फोसिस, जी १९८१ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली, तिच्या चार फाउंडर्सनी डिसेंबर २०१४ मध्ये एका दिवसात साडेसहा हजार कोटींच्या आसपासचे शेअर विकले, त्या दिवशी भाव चांगलाच आपटला, आणि पुढच्या वर्षांत ज्यांनी धरून ठेवला त्यांचं काही वाईट झालं नाही. इंडिगोचे राकेश गंगवाल फेब्रुवारी २०२२ मध्ये बोर्डातून बाहेर पडले, सांगून टाकलं की पाचेक वर्षांत हिस्सा कमी करत जाणार, मग दरवर्षी मोठमोठे तुकडे विकत राहिले, आणि तेवढ्याच काळात शेअर दुपटीच्या वर गेला. उलट पेटीएम बघा, नोव्हेंबर २०२१ चा १८,३०० कोटींचा आयपीओ, त्यात १०,००० कोटी हे जुन्या शेअरहोल्डर्सच्या विक्रीचे, फाउंडरचे स्वतःचे त्यात ४०० कोटींच्या आसपास, भाव २,१५०, आणि त्या भावाला घेतलेले लोक कित्येक वर्षं तोट्यात बसले. त्यामुळे "फाउंडरने विकलं म्हणजे अमुक होणार" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, दोन्ही बाजूंचं.

मला काळजी कधी वाटेल? फाउंडरने विकलं आणि दोन-तीन महिन्यांत सीएफओ (कंपनीचा अर्थप्रमुख) पण गेला, किंवा ऑडिटर मध्येच बदलला, किंवा शेअर गहाण ठेवलेत असं दिसलं. गहाण शेअर दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये वेगळ्या रकान्यात दिसतात, पाच मिनिटांचं काम आहे, कुणी करत नाही.

पण ताई, हे सगळं झालं त्याचं. तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि मला वाटतं तो तुम्ही स्वतःला विचारलेलाच नाहीये. तुमचे शेअर आज जवळपास ६२ लाखांचे, पीएफ १५ लाख, म्युच्युअल फंड ६, एफडी ४. राहतं घर सोडलं तर ८७ मधले ६२, म्हणजे ७१ टक्के पैसा एका कंपनीत, आणि पगार पण तिथूनच येतो, ज्यातून होम लोनचा हप्ता जातो. उद्या कंपनीचा एक मोठा क्लायंट गेला तर शेअर पडेल, इन्क्रिमेंट थांबेल, आणि बेंचवर (प्रोजेक्टशिवाय) कोण बसणार याची यादी निघेल, हे सगळं एकाच तिमाहीत. सगळी अंडी एका टोपलीत म्हणतात ते ठीक, इथे टोपली पण त्याच कोंबडीच्या मालकाची आहे.

फाउंडरने आपल्या हिश्श्यातले ९ टक्क्यांहून थोडे कमी विकले म्हणून तुम्ही पण ९ टक्के विकणार का? कंपनीची बाजारातली किंमत तुम्ही ४,००० कोटी लिहिलीये, त्याच्या ३ टक्क्यांचे त्याला मिळाले १२० कोटी, त्याच्या दोन पिढ्यांची सोय झाली, आता उरलेले ३१ टक्के शून्य झाले तरी त्याच्या घरी स्वयंपाक होणार. तुम्ही ९ टक्के विकले तर हातात येणार साडेपाच लाख. त्याने आधी घर सुरक्षित केलं आणि मग बाकीच्यावर रिस्क चालू ठेवली. तुम्हाला तेवढीच सुरक्षितता हवी असेल तर तुमचा टक्का बराच मोठा असावा लागेल, कंपनीवर कितीही विश्वास असला तरी.

माझं मत, निम्मे विका. ६,००० शेअर, ५१५ ने ३०.९ लाख. तुमची खरेदी किंमत १८० धरली जाते, कारण एक्सरसाइजच्या वेळी त्यावर पगारासारखा टॅक्स भरून झालाय, त्यामुळे नफा २०.१ लाख. त्यातले वर्षाचे १.२५ लाख माफ, बाकीवर १२.५ टक्के आणि वर सेस, म्हणजे अडीच लाखांच्या आत टॅक्स, हातात २८ लाख आणि थोडे वर. सगळे १२,००० एकाच आर्थिक वर्षात विकले तर पगार धरून उत्पन्न ५० लाखांच्या वर जातं आणि टॅक्सवर १० टक्के सरचार्ज (जादा कर) लागतो, हेही एक कारण निम्म्यावर थांबायचं. मात्र फक्त ती १.२५ लाखांची सूट दोनदा मिळावी म्हणून एप्रिलची वाट बघत बसू नका, त्यातून वाचतात सोळा हजार आणि तेवढे तर तुमच्या १२,००० शेअरवर भाव दीड रुपयाने हलला की जातात येतात.

२८ लाखांचं काय करायचं? ६ लाख एफडी किंवा लिक्विड फंडात, नोकरी गेली तर हप्त्यासाठी, याला हात लावायचा नाही. १२ लाख लोनमध्ये भरा, फ्लोटिंग रेटचं घरचं लोन असेल तर बँक दंड लावू शकत नाही, आणि बँकेला लेखी सांगा की ईएमआय तोच ठेवा, मुदत कमी करा, नाहीतर ते आपल्या सोयीने करतात. उरलेले १० लाख मुलीचे, पण बारावीला चारच वर्षं आहेत म्हणून सगळे इक्विटीत नको, निम्मे इंडेक्स फंडात वर्षभर हप्त्याहप्त्याने, निम्मे डेट किंवा एफडी.

मिस्टरांना सांगा, सगळं विकून घर घेतलं तर आयकराच्या ५४एफ कलमाखाली टॅक्स वाचू शकतो हे खरंय, तुमचा एकच फ्लॅट आहे म्हणून बसतंय पण, फक्त नफा नाही तर विक्रीची सगळी रक्कम घरात घालावी लागते, आणि चालू लोन फेडलं तर ती सूट मिळत नाही. रावेतच्या फ्लॅटसाठी अजून एक लोन लागेल ते वेगळंच. काही किलोमीटरवर दुसरं घर, पगार एकाच कंपनीचा, दोन हप्ते, मी तरी नाही म्हणेन.

विकायच्या आधी एचआरला नाही, कंप्लायन्स ऑफिसरला मेल करा की मी डेसिग्नेटेड पर्सन (आतली माहिती मिळू शकते म्हणून कंपनीच्या यादीत असलेली व्यक्ती) आहे का. असाल तर तिमाही संपल्यापासून रिझल्ट लागून ४८ तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो (शेअर घ्यायची-विकायची मुभा) बंद असते, आधी परवानगी घ्यावी लागते, आणि एकदा विकल्यावर ६ महिने बाजारातून तोच शेअर परत घेता येत नाही. "पडला की परत घेईन" हा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

राहिलेल्या ६,००० चं पुढच्या आर्थिक वर्षात वार्षिक रिझल्ट आल्यावर बघू, तोपर्यंत फाउंडरचे ते २० टक्के पण मोकळे व्हायच्या बेतात असतील. तेव्हा मला पीएफचा आणि लोनचा नवीन आकडा घेऊन परत लिहा.