उतारवयात नाक कोरडे पडून रक्त का येते?

आपल्या ७५ वर्षांच्या वडिलांच्या नाकात रोज खपल्या धरतात आणि त्या काढताना रक्त येते, असे आपण विचारले आहे. वय वाढते तसे नाकाचे आतले अस्तर पातळ होते व त्यातील ओलावा घटतो. त्यात ॲलर्जीच्या गोळ्या, ऑक्सिजनची नळी किंवा रात्रभर चालणारा एसी यांची भर पडली की त्रास वाढतो. औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी, परस्पर काही बंद करू नये.

०.९ टक्के मिठाच्या पाण्याचा तयार फवारा दिवसातून तीन-चार वेळा मारावा. त्या वेळी फवाऱ्याचे टोक दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळवावे, कारण रक्त बहुधा त्या पडद्याच्या पुढच्या भागातूनच येते. भिजलेली खपली आपोआप सुटते. नख लावू नये. झोपताना नाकात तेल सोडण्याची सवय मला धोक्याची वाटते, कारण ते नकळत फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. पाण्यावर आधारित जेल अधिक सुरक्षित.

रक्त आल्यास पुढे वाकून नाकाचा मऊ भाग सलग १० ते १५ मिनिटे दाबावा. तरीही थांबले नाही, किंवा वडील रक्त पातळ करणारी औषधे घेत असतील, तर त्वरित रुग्णालय गाठावे.