फुटबॉल प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू खेळाडू म्हणून मोठा होता का?

ऑस्ट्रेलियाकडून जेमतेम ४ सामने, त्यामुळे त्या अर्थाने नाही. पण साउथ मेलबर्न क्लबचा लेफ्ट-बॅक (डावीकडचा बचावपटू) आणि कर्णधार म्हणून त्याने १९९१ ला ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा प्रशिक्षक होता साक्षात हंगेरीचा महान फुटबॉलपटू फेरेन्क पुश्काश! पुश्काशला इंग्रजी फारसं यायचं नाही, ग्रीक यायचं. मग ग्रीसमध्ये जन्मलेला अँजच त्याचा दुभाषा आणि ड्रायव्हर. अँजच्या संघांचा आक्रमक खेळ त्या गाडीतल्या गप्पांतच रुजला असावा, असं मला वाटतं.

गुडघ्याच्या दुखापतीने २७ व्या वर्षी खेळणं संपलं. प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन रोअर क्लबला सलग ३६ सामने अपराजित ठेवलं, मग ऑस्ट्रेलियाला फुटबॉलचा २०१५ चा आशिया चषक जिंकून दिला, पुढे जपानचा योकोहामा आणि स्कॉटलंडचा सेल्टिक हे क्लब. २०२५ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबला युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकून दिली, १७ वर्षांनी आलेला करंडक! तरी १६ दिवसांत त्याला काढलं. मला हे आजही पटत नाही.