वारुळावरून प्रेरणा घेऊन गोव्यात घर बांधलं तर वीजबिल खरंच कमी येईल का?

तुम्ही विचारलंय की झिम्बाब्वेत वारुळासारखी डिझाइन केलेली एसीशिवाय चालणारी बिल्डिंग आहे, तसंच घर गोव्यात बांधलं तर चालेल का. जसंच्या तसं अजिबात नाही चालणार, पण निसर्गाकडून शिकून बिल मात्र नक्की कमी करता येतं.

ती बिल्डिंग म्हणजे हरारेतलं ईस्टगेट सेंटर, १९९६ चं, आर्किटेक्ट मिक पिअर्स. रात्री पंखे लावून थंड हवा आत घेतात, जाड काँक्रीट त्या हवेने गार होतं आणि दुसऱ्या दिवशी तोच गारवा ऑफिसांत वापरतात, गरम हवा वरच्या चिमण्यांतून बाहेर जाते. आता हरारे आहे जवळजवळ १५०० मीटर उंचीवर, रात्री मस्त थंड. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ३३ आणि पहाटे २६-२७, त्यात घामाच्या धारा, मग रात्री काँक्रीट गार होणार कशाने? उलट दिवसभराचं ऊन स्लॅब पिऊन ठेवतो आणि रात्री जेवून पडलात की वरून सोडायला लागतो.

आपण सातेरीच्या देवळात वारुळाला हात जोडतो म्हणून हेही सांगतो, स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलं की वारूळ हे तापमान सांभाळण्यापेक्षा वाळवीला श्वास घेता यावा म्हणून जास्त आहे, फुप्फुसासारखं. मला हे एसीपेक्षा भारी वाटतं, आणि आपल्या दमट हवेत हवा खेळती ठेवणं हेच तर मेन काम आहे.

तर इथे नक्कल करायची ती झाडाची. ऊन पानांनी वरच्या वर झेलायचं आणि खालून वारा जाऊ द्यायचा. हल्ली उतरत्या स्लॅबवर मंगळुरी कौलं थेट सिमेंटने चिकटवतात, ती फक्त शोभेची, उष्णता सरळ खाली उतरते. रिपा म्हणजे आडव्या पट्ट्या मारून कौलं त्यांच्यावर बसवा, मध्ये पोकळी ठेवा आणि वर मोंयाजवळ, म्हणजे छपराच्या सगळ्यांत उंच कडेला, हवा बाहेर जायला वाट द्या, खर्च थोडा वाढेल पण करा. पश्चिमेच्या भिंतीला रुंद छज्जा किंवा व्हरांडा हवाच, आणि खिडक्या समोरासमोर, एकाच भिंतीत दोन काढून काही उपयोग नाही. प्लॉटवर आंबा-फणस असेल तर कंत्राटदार काहीही म्हणो, तोडू देऊ नका.

प्लॉटची पश्चिम बाजू मोकळी आहे की शेजारी बिल्डिंग आहे ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे खिडक्यांचं नीट सांगता येईल.